गावाचे नाव कारखान्याला, कारखान्याचे नाव गावाला

१/
१ जानेवारी १८७७. दिल्लीत मोठा दरबार भरला होता आणि व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले जात होते. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची कापडगिरणी सुरू झाली. १८७४ साली स्थापन झालेल्या त्यांच्या कंपनीचे कागदोपत्री नाव होते ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’. हे नाव कोणाच्या जिभेवर टिकणार? गिरणीला नाव मिळाले ‘एम्प्रेस’, आणि तेच चालले. गिरणी बंद पडून आता बरीच वर्षे झाली. तिच्या जागेवर मॉल उभा आहे आणि त्याच्याही पाटीवर एम्प्रेसच आहे. सम्राज्ञीचे साम्राज्य गेले, गिरणी गेली, नाव मात्र नागपुरात राहिले.

२/
त्याच दिल्ली दरबाराला पुण्याच्या सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हाताने कातलेल्या खादीच्या वेषात गेले होते. एकाच घटनेला दिलेली ही दोन उत्तरे. गंमत अशी की पुढच्या नऊ वर्षांत जमशेटजीही दुसऱ्या उत्तराकडे सरकलेले दिसतात. १८८६ मध्ये त्यांनी कुर्ल्याची डबघाईला आलेली धरमसी गिरणी विकत घेतली आणि तिचे नाव ठेवले ‘स्वदेशी’. वंगभंगाची चळवळ अजून एकोणीस वर्षे दूर होती. मालक तोच, धंदा तोच. १८७७ मध्ये ‘एम्प्रेस’ आणि १८८६ मध्ये ‘स्वदेशी’. त्या दशकात मुंबई इलाख्यातील सुशिक्षितांचे मन कोणत्या बाजूला कलत होते, हे या दोन पाट्यांवरून बऱ्यापैकी कळते.

३/
आजचा धागा अशा नावांविषयी. कंपनीच्या नावातून तिची ओळख कशी घडते, यावर व्यवस्थापनशास्त्राची पुष्कळ पुस्तके आहेत. त्यांत उदाहरणे बहुधा अमेरिकेची असतात. आपण आपल्याकडचीच पाहू. महाराष्ट्रातील उद्योगांच्या नावांत एक धागा वारंवार सापडतो, आणि तो म्हणजे गाव. काही कारखान्यांनी गावाचे नाव घेतले, काहींनी गावाला आपले नाव दिले. या देवघेवीत कोणाच्या पदरात काय पडले, हा खरा प्रश्न आहे.

४/
त्याआधी एका शब्दाविषयी. ‘ब्रँड’ला मराठीत आता ‘नाममुद्रा’ म्हणतात. शब्द चांगला आहे, पण बाजारात त्याच्या कितीतरी आधीपासून ‘छाप’ आणि ‘मार्का’ हे शब्द रुळलेले होते. घोडा छाप, वाघ छाप, मोर छाप. ‘छाप’ या शब्दात नावाला जागाच नाही, त्यात फक्त चित्र आहे. कारण गिऱ्हाईक वाचणारे नव्हते. मँचेस्टरचे व्यापारी हिंदुस्थानात कापड पाठवत, तेव्हा ठाणावर देवादिकांची रंगीत चित्रे चिकटवून पाठवत. गिऱ्हाईक चित्र ओळखून ठाण मागे. पुढे १८८९ च्या मर्चंडाइज मार्क्स कायद्याने मालावरील खोट्या खुणांना आळा घातला आणि ठाणावर कापडाची लांबी छापणे बंधनकारक केले. व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा मात्र १९४० मध्ये आला. तोवर ‘हे नाव माझे’ असे म्हणणाऱ्याला ते बाजारात आणि प्रसंगी न्यायालयात पटवूनच द्यावे लागे.

५/
ही चित्राची सवय किती खोल होती, याचे एक घरगुती उदाहरण. १९३१ साली मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू गोविंद यांनी शाईची पूड व वड्या बनवायला सुरुवात केली. पेढीचे नाव ‘दांडेकर आणि कंपनी’, पण मालावर ‘हॉर्स ब्रँड’, म्हणजे घोडा छाप. पुढे घोड्याच्या जागी उंट आला : ‘कॅमल इंक’. या दोन शब्दांच्या सांध्यातून ‘कॅमलिन’ हे नाव तयार झाले. दांडेकर हे आडनाव पाटीवरून मागे सरले आणि कोकणात कधी न दिसणारा उंट महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक मुलाच्या कंपासपेटीवर येऊन बसला. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो कंपनीने बहुसंख्य भागभांडवल घेतले, तेव्हा तिने जुने नाव पुसले नाही, आपले नाव त्याच्या आधी जोडले. विकत घेण्यासारखी सर्वांत मौल्यवान वस्तू तीच होती, हे तिला ठाऊक असणार.

६/
विको हेही असेच गाठोडे बांधलेले नाव. विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनी. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचे ‘विको’. केशव विष्णु पेंढरकरांनी १९५२ मध्ये परळला उद्योग सुरू केला. आद्याक्षरांत विष्णु दडला, आणि कंपनीचे नाव कोणत्याही प्रांतात परके वाटेनासे झाले. मात्र मालाच्या नावात ‘वज्रदंती’ आणि ‘आयुर्वेदिक’ हे शब्द ठळक राहिले. त्यांची किंमतही होती : हळदीचे क्रीम हे औषध की सौंदर्यप्रसाधन, यावर अबकारी कराचा दर ठरत असल्याने सरकारी खात्याशी वाद वर्षानुवर्षे चालला. सर्वोच्च न्यायालयात तो कंपनीच्या बाजूने लागला. नळीवरचा एक शब्द आणि त्यापायी इतकी वर्षे कोर्टकचेरी!

७/
नावाचा प्रश्न नुसता विक्रीचा नसतो, स्वाभिमानाचाही असतो, हे सांगणारा एक प्रसंग गोदरेज घराण्याच्या इतिहासात आहे. वकिली सोडलेल्या अर्देशीर गोदरेजांनी शस्त्रक्रियेची हत्यारे बनवायला घेतली. माल पसंत पडला. अट एकच होती, त्यावर हिंदुस्थानचे नाव नको. अर्देशीर अडून बसले आणि तो धंदाच त्यांनी सोडून दिला. १८९७ मध्ये ते कुलपांकडे वळले. पुढे याच कुलूपवाल्याने प्राण्यांची चरबी न वापरता, वनस्पती तेलापासून साबण केला आणि त्याला पहिले नाव दिले ‘चावी’! त्यानंतर ‘नंबर दोन’ आला आणि १९२२ मध्ये ‘नंबर एक’. दोन आधी, एक नंतर. दोन नंबरचा साबण इतका चांगला, तर एक नंबरचा कसा असेल, हा विचार गिऱ्हाइकाने आपणच करावा, अशी ती योजना होती. मला तरी त्या काळातील ही सर्वांत चतुर नामकरणकल्पना वाटते.

८/
१९०५ नंतर ‘स्वदेशी’ हा शब्द पाटीपाटीवर आला. मुंबईत १९०६ मध्ये ‘बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स’ सुरू झाले. त्याचे आजचे नाव ‘द बॉम्बे स्टोअर’. नावातून ‘स्वदेशी’ गळले, ‘सहकार’ही गळला आणि शहराने स्वतः टाकून दिलेले ‘बॉम्बे’ तेवढे उरले. तळेगावचा काचकारखाना त्या मानाने भाग्यवान. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा म्हणून ‘पैसा फंड’ उभारला, आणि त्या पैशांतून १९०८ मध्ये निघालेल्या कारखान्याचे नावही ‘पैसा फंड काचकारखाना’ असेच राहिले. भांडवल कोणाचे, हे इतक्या प्रामाणिकपणे सांगणारे दुसरे नाव माझ्या पाहण्यात नाही.

९/
आता मुख्य गोष्ट, किर्लोस्कर.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण तालुक्यात किर्लोस नावाचे लहान गाव आहे, त्याला किर्लोसी असेही म्हणतात. आपल्याकडे गावाला ‘कर’ जोडला की आडनाव तयार होते. कुटुंब गाव सोडते, पण गाव नावातून सोबत येते. किर्लोस्करांची एक शाखा बेळगाव भागातील गुर्लहोसूर येथे स्थिरावली, आणि तेथे जन्मलेल्या एका माणसामुळे हे आडनाव प्रथम महाराष्ट्रभर गाजले. तो कारखानदार नव्हता. ते होते बळवंत पांडुरंग, म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्कर. १८८० मध्ये त्यांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. १८८५ मध्ये ते वारले, तरी ‘किर्लोस्कर नाटक मंडळी’ त्याच नावाने पुढे कित्येक वर्षे चालली. १९०५ मध्ये तरुण बालगंधर्व तिच्यात दाखल झाले, ते त्या नावाचा दबदबा टिकून होता म्हणूनच.

१०/
म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले, तेव्हा पाटीवरचे आडनाव लोकांना अनोळखी नव्हते. ते १८६९ चे, जन्म त्याच गुर्लहोसूरचा. काही काळ मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवून ते परतले आणि बंधू रामुअण्णांसह त्यांनी ‘किर्लोस्कर ब्रदर्स’चा व्याप वाढवला. कडबा कापायचे यंत्र आले, लोखंडी नांगर आला. नाटकाच्या जाहिरातीवर शोभणारे आडनाव आता ओतीव लोखंडावर उमटू लागले.

११/
आणि नांगर विकला जाईना! लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शहरातल्या प्रेक्षकाला भारावून टाकणारे नाव कोरडवाहू शेतकऱ्यापुढे निरुपयोगी ठरले. त्याला नाटक मंडळीशी कर्तव्य नव्हते. त्याचा सवाल साधा होता : फाळ झिजला तर दुसरा मिळेल का, मोडले तर दुरुस्त कोण करील, आणि पीक बुडाले तर मी कोणाला धरू? नावाला त्या रानात वजन आले, ते शेजारच्या वावरात नांगर चाललेला पाहिल्यावर.

१२/
दरम्यान बेळगावची जागा नगरपालिकेच्या विस्तार योजनेत गेली. कारखाना हलवणे भाग पडले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी नुकतेच, १९०९ मध्ये, गादीवर आले होते. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची जागा देऊ केली. निवडुंगाने भरलेले माळरान, पाण्याचे दुर्भिक्ष. १९१० मध्ये तेथे वस्ती उभी राहू लागली आणि तिचे नाव पडले किर्लोस्करवाडी. पुढे रेल्वे स्थानकाचे नावही कुंडल रोड राहिले नाही. तेही किर्लोस्करवाडी झाले.

१३/
हा प्रवास एकदा सलग पाहावा. कोकणातील एका खेड्याने कुटुंबाला नाव दिले. कुटुंबाने ते नाटक मंडळीला आणि मग नांगराला दिले. नांगराने ते देशावरच्या एका नव्या खेड्याला दिले. मूळच्या गावाला या सगळ्याचा पत्ताही नसेल.

१४/
१९२० मध्ये कंपनी मर्यादित झाली, आणि त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्रक काढले. हेतू कारखान्याची माहिती देण्याचा. पण पाहता पाहता त्याचे मासिक झाले, नावातील ‘खबर’ गळून नुसते ‘किर्लोस्कर’ राहिले, आणि ज्या घरात नांगर जाण्याचा संभवच नव्हता, अशा गिरगाव-सदाशिव पेठेतील घरांत ते वाचले जाऊ लागले. १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’. आजीच्या पिढीला ‘किर्लोस्कर’ म्हटल्यावर पंप आठवे की मासिक, असे विचारले तर निम्म्या घरांत मासिक हेच उत्तर येईल, असा माझा कयास आहे. नाटकाकडून नांगराकडे गेलेले नाव तीस-चाळीस वर्षांत वाङ्मयाकडे परतले. जाहिरातीवर कितीही पैसा ओतला तरी अशी ओळख विकत मिळत नाही. आणि ती ठरवून घडवली होती, असे म्हणणेही कठीण आहे.

१५/
याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आडनाव हेच भांडवल झाले की ते वारसांत वाटावे लागते, आणि जमिनीसारखी त्याची मोजणी करता येत नाही. किर्लोस्कर समूहात नाममुद्रांची मालकी सांभाळण्यासाठी ‘किर्लोस्कर प्रोप्रायटरी’ ही स्वतंत्र कंपनी आहे. तरीही कौटुंबिक समझोत्यावरून वाद उद्भवला आणि २०२१ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने मध्यस्थीचा मार्ग सुचवला. परदेशी भागीदारीत तर नावाचे आयुष्य करारापुरते असते. पुण्यात १९६२ मध्ये सुरू झालेली ‘किर्लोस्कर कमिन्स’ १९९८ मध्ये ‘कमिन्स इंडिया’ झाली. एंजिने तीच, पुणेही तेच.

१६/
औंधच्याच राजांच्या आश्रयाने कऱ्हाडजवळ आणखी एक वाडी उभी राहिली, ओगलेवाडी. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी काचकारखाना काढला. कारखान्याला आडनाव, वस्तीला आडनाव. पण कंदिलाला त्यांनी नाव दिले ‘प्रभाकर’. प्रभाकर म्हणजे सूर्य. आणि गुरुनाथ प्रभाकर, श्रीपाद प्रभाकर या भावांच्या वडिलांचे नावही प्रभाकर. एका शब्दात उजेडही आला, पितृऋणही आले. वीज पोचली नव्हती त्या गावांत ‘कंदील’ न म्हणता ‘प्रभाकर लाव’ म्हणावे इतके ते नाव घरचे झाले. वीज आली, कंदिलाचे दिवस सरले, कारखानाही बंद पडला. ओगलेवाडी आहे.

१७/
आता उलटी दिशा. १९२९ मध्ये मोहनलाल दयाळ चौहान यांनी मुंबईच्या उपनगरात गोळ्या-मिठाईचा कारखाना काढला आणि त्याची ओळख जागेवरूनच पडली : पार्ले. पुढे ग्लुकोजची बिस्किटे निघाली, ‘पार्ले ग्लुको’. येथे नाव ठेवण्यातला एक धडा आहे. ‘ग्लुको’ हा मालाचे वर्णन करणारा शब्द. तो कोणा एकाचा होऊ शकत नाही. इतरांची ग्लुकोज बिस्किटे आली आणि दुकानदार ‘ग्लुको’ मागणाऱ्याच्या हातावर कोणतीही ठेवू लागला. १९८० च्या दशकात कंपनीने वर्णनाचा शब्द आखडून एका अक्षरावर आणला, ‘जी’, आणि भार टाकला तो गावाच्या नावावर. पार्ले-जी.

१८/
पुढे कुटुंबाच्या शाखा झाल्या, आणि गोळ्या-चॉकलेटांच्या धंद्यात ‘पार्ले’ नाव कोणी वापरावे यावरून त्या न्यायालयात एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. ज्या नावावर हा वाद झाला, ते मुळात एका उपनगराचे. तेथील टिळक मंदिराचेही तेच, रेल्वे स्थानकाचेही तेच. २०१६ मध्ये पार्ल्याचा जुना कारखाना बंद झाला. भाजणाऱ्या बिस्किटांच्या वासाने स्थानक ओळखणारी पिढी त्या बातमीने हळहळली. पुडा मात्र देशभर जातोच आहे, आणि ज्याने मुंबई पाहिली नाही असा आसामातला मुलगाही दिवसातून एकदा पार्ल्याचे नाव घेतो.

१९/
थोडे विषयांतर. काही नावे कंपनीच्या हातून निसटून थेट भाषेत शिरतात. वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणालो, छायाप्रतीला झेरॉक्स. यांतले मला सर्वांत आवडते उदाहरण ‘टेम्पो’चे. टेम्पो हे जर्मनीतील हॅम्बुर्गजवळच्या विडाल कंपनीच्या तीनचाकी मालगाड्यांचे नाव. १९५८ मध्ये फिरोदियांच्या पुढाकाराने त्या गाड्या ‘बजाज टेम्पो’ म्हणून येथे बनू लागल्या. २००५ मध्ये कंपनीने नाव बदलून ‘फोर्स मोटर्स’ केले. मराठी माणसाने त्याची दखल घेतली नाही. घर बदलायचे तर तो आजही टेम्पोच ठरवतो, मग तो कोणत्याही कंपनीचा असो, आणि चाके तीन असोत की चार.

२०/
गावाच्या नावावर गावाचा हक्क असतो का? कायद्याने एका वाटेने हो म्हटले आहे. भौगोलिक मानांकन एखाद्या कंपनीला नव्हे, त्या प्रदेशातील उत्पादकांच्या समूहाला मिळते. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला ते मिळाले, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून, कारण ती चप्पल करणारे हात सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. परंतु व्यापारचिन्ह म्हणून नोंदलेले नाव ही निराळी वस्तू. ते खाजगी मालमत्ता असते, विकता येते.

२१/
वालचंद हिराचंद यांच्या चरित्रात दोन्ही प्रकार एकत्र सापडतात. इंदापूर तालुक्यात कळंबच्या शिवारात त्यांनी साखर कारखाना व वसाहत उभारली आणि त्या जागेला त्यांचे नाव मिळाले, वालचंदनगर. नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातील रावळगाव येथे १९३३ मध्ये दुसरा साखर उद्योग सुरू केला, तेथे मात्र नाव गावाचेच ठेवले. साखर होती, १९४२ पासून तिच्या गोळ्या होऊ लागल्या. ‘रावळगाव’ म्हणजे गोळी, असे समीकरण दोन-तीन पिढ्यांच्या जिभेवर बसले. नकाशावर रावळगाव कोठे आहे हे ठाऊक नसलेल्या लाखो मुलांनी ते नाव दहा पैशांना विकत घेतले. पुढे ‘पान पसंद’ आली, ‘मँगो मूड’ आली.

२२/
फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने या गोळ्यांच्या नाममुद्रा, त्यांच्या पाककृती आणि सर्व बौद्धिक संपदा रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सला २७ कोटी रुपयांना विकल्या. कंपनीने काय राखून ठेवले, तेही जाहीर झाले : जमीन, इमारती, यंत्रसामग्री. जे उचलून नेता येत नाही, ते गावातच राहिले.